८० हजार डिपॉझिट, ६४,५४० ची कपात : कर्वेनगरच्या एका फ्लॅटचा पूर्ण हिशोब

हे माझ्या आतेभावाचं प्रकरण. त्याला विचारूनच लिहितेय, नावं मात्र कुणाचीच देत नाही. मी अकाउंट्सचं काम करते म्हणून हिशोबाचा कागद माझ्याकडे आला आणि पुढचे पाच-सहा महिने माझ्याकडेच राहिला, त्यामुळे कुठला आकडा कुठून आला ते मला पाठ झालंय.

फ्लॅट पुण्यात कर्वेनगरला, २ बीएचके, तिसरा मजला, कार्पेट एरिया ६४० स्क्वेअर फुटांच्या आसपास. दादा, वहिनी आणि तेव्हा दीड वर्षाची माझी भाची १ जुलै २०२१ ला तिथे राहायला गेले. भाडं २०,०००, डिपॉझिट ८०,०००, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे घर भाड्याने द्यायचा नेहमीचा करार) आणि दर रिन्यूअलला ५ टक्के वाढ. अशी तीन अ‍ॅग्रीमेंट झाली, शेवटच्या वेळचं भाडं २२,०५०. ३१ मार्च २०२४ ला घर सोडलं, महिन्याची नोटीस २८ फेब्रुवारीलाच दिलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर पण आणि ईमेलवर पण. भाडं तेहतीस महिन्यांत एकदाही लेट नाही, मी बँक स्टेटमेंटवर एकेक एंट्री टिक करून बघितलीय.

घरमालक सांगलीला राहतात, रिटायर्ड माणूस, दादा त्यांना पहिल्यापासून काका म्हणायचा. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, लॉकडाऊननंतर दादाच्या ऑफिसमध्ये पगार पुढेमागे होत होते तेव्हा "सावकाश द्या" म्हणालेले आहेत (दादाने तरी वेळेवरच दिलं तो भाग वेगळा). पण डिपॉझिटचा विषय आला की चांगली माणसंही वेगळं वागतात कारण ते पैसे त्यांच्या मनातून केव्हाच त्यांचे झालेले असतात, खर्च होऊन गेलेले असतात, आणि परत करायची वेळ आली की अचानक भिंतींवरचे डाग दिसायला लागतात.

आता चूक कुठे झाली ते आधी सांगते. पुण्यात पद्धत अशी आहे की एका हाताने चावी आणि दुसऱ्या हाताने चेक किंवा तिथल्या तिथे ट्रान्सफर. अ‍ॅग्रीमेंटमध्येही तेच लिहिलं होतं की व्याजाशिवायचं डिपॉझिट घराचा ताबा परत देताना परत करायचं. पण काका ३१ तारखेला येऊ शकले नाहीत, "चावी एजंटकडे द्या, मी आठवड्याभरात येऊन बघतो आणि पैसे टाकतो" म्हणाले, आणि दादाने दिली. बाहेर टेम्पो उभा, पोरगी रडतेय, वहिनी दमलेली, अशा वेळी कोण भांडत बसणार.

ऑफिसमधल्या एकाने आधीच सल्ला दिला होता की शेवटचे तीन महिने भाडंच देऊ नको, डिपॉझिटमध्ये वळतं कर. असं खूप लोक करतात. दादाने केलं नाही कारण अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं करायचं नाही असं स्पष्ट होतं, आणि मला वाटतं ते बरोबरच केलं, कारण भाडं थकवलं की पहिली चूक आपल्या नावावर लागते. त्यात मुदत संपून राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. पुढे मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोडीला बसलो तेव्हा "यांनी माझं भाडं बुडवलं" हे वाक्य काकांकडे नव्हतं, त्याचा केवढा उपयोग झाला ते तिथे बसल्यावरच कळलं.

१४ एप्रिलला काकांचा मेसेज आला आणि सोबत १५,४६० रुपये. मेसेज असा : पेंटिंग ३२,०००, डीप क्लिनिंग ६,५००, ओट्याचा ग्रॅनाइट क्रॅक ९,०००, गीझर ७,५००, सोसायटी मूव्ह आउट ३,०००, लाइट बिल २,३४०, किरकोळ रिपेअर ४,२००. टोटल ६४,५४०. खाली लिहिलेलं, "फुल अँड फायनल".

दादाचा फोन आला तेव्हा तो इतका चिडलेला होता की सरळ पोलिसात जातो म्हणत होता. पोलीस स्टेशनला असल्या प्रकरणात दिवाणी बाब आहे असंच सांगतात, म्हणून मी त्याला थांबवलं आणि एकच काम करायला लावलं. त्याच दिवशी, त्याच चॅटवर उत्तर : "काका, १५,४६० मिळाले. ही रक्कम डिपॉझिटचा काही भाग म्हणून घेतोय, हिशोब मला मान्य नाही, सविस्तर कळवतो." बास. हे उत्तर गेलं नसतं आणि पैसे खात्यात गपचूप पडून राहिले असते तर पुढे ते म्हणू शकले असते की यांनी फुल अँड फायनल मान्य करून पैसे घेतले.

मग आम्ही बसलो. मी, दादा, वहिनी, आणि एक तक्ता : काकांनी काय लावलंय, त्याचा पुरावा काय, आपल्याकडे काय आहे, आणि खरंच आपण काय देणं लागतो. हा शेवटचा रकाना दादाला अजिबात नको होता, "एक रुपया देणार नाही" म्हणत होता. पण भाचीने बेडरूमच्या एका भिंतीवर खडूंनी जे काय केलं होतं ते मी स्वतः पाहिलेलं आहे, गाडी, सूर्य, आजी, सगळं काढलं होतं. ती भिंत आपली.

पेंटिंग सगळ्यात मोठा आकडा म्हणून तिथून सुरुवात केली. पुरावा म्हणून काकांनी पाठवलं होतं ते बिल नव्हतंच, एस्टिमेट होतं, पूर्ण फ्लॅटचं, २,००० स्क्वेअर फूट गुणिले १६ रुपये. म्हणजे सीलिंगसकट सगळं घर नव्याने रंगवायचं आणि ते भाडेकरूच्या पैशात. अ‍ॅग्रीमेंटमध्ये ओळ होती की नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता घर आहे तसं परत द्यायचं. ही झीज वगळता म्हणजेच नॉर्मल वेअर अँड टेअर ही कल्पना काही कुणाची मेहेरबानी नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये भाडेपट्ट्यासाठी कलम १०८ मध्ये ती आहेच, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पण बहुतेक सगळीकडे छापलेली असते. भिंतीचा रंग फिका पडणं, सोफ्याच्या मागे काळपट पट्टा येणं, फॅनखाली धुळीची वर्तुळं, हे सगळं झिजेत येतं. माणसं घरात राहिली की होणारच ते.

आणि इथे वहिनीने जुन्या चॅटमधून एक मेसेज शोधून काढला. घर बघायच्या वेळी तिने काकांना विचारलं होतं की रंग कधी दिलाय, आणि काकांचं उत्तर होतं, "मागच्या दिवाळीत". म्हणजे नोव्हेंबर २०२०. म्हणजे घर सोडताना तो रंग तीन वर्षं चार महिने जुना होता. तसाही काही काळाने काकांना तो करावाच लागला असता. खडूची भिंत १२ बाय ९, म्हणजे १०८ स्क्वेअर फूट, काकांच्याच रेटने १,७२८ रुपये. पण एका भिंतीसाठी त्या रेटने कुठलाच पेंटर येत नाही, ते खोटं दाखवायला नको म्हणून आम्ही ओळखीच्या पेंटरकडून पुट्टी, रंगाचे दोन हात आणि ड्रिलची नऊ भोकं बुजवणं धरून लेखी कोटेशन घेतलं, ३,५००. तेवढे मान्य केले. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल होती आणि पोपडे आले होते, ते मान्य केलं नाही कारण लीकेज वरच्या मजल्याचं, आणि २०२२ च्या पावसाळ्यातच दादाने फोटोसकट काकांना कळवलेलं होतं.

ग्रॅनाइटच्या वेळी मात्र आम्ही सगळे हसलो, खूप दिवसांनी. राहायला गेले त्या दिवशी वहिनीने रिकाम्या घराचा सहा मिनिटांचा व्हिडिओ काढून काकांना पाठवला होता. त्यात सिंकच्या डाव्या कोपऱ्यातली चीर स्पष्ट दिसते आणि वहिनीचा आवाज पण आहे, "हे इथे तडा गेलाय". काकांचा त्यावर अंगठा. तारीख १ जुलै २०२१. बरेच लोक असे व्हिडिओ काढतात आणि स्वतःच्या फोनमध्ये ठेवतात, मग समोरचा म्हणतो हा नंतर काढलाय. पाठवलेला होता म्हणून तो पुरावा झाला. ९,००० चे शून्य.

गीझर. जानेवारी २०२४ मध्ये एलिमेंट गेलं होतं, दादाने काकांना विचारून स्वतःच्या खिशातून १,१५० देऊन बदललं, ते पैसे त्याने कधी मागितलेही नाहीत. आता काकांनी नवीन गीझरचं १२ एप्रिलचं बिल लावलं. जुन्या गीझरच्या स्टिकरवर उत्पादनाचं वर्ष २०१५, बोअरचं क्षाराचं पाणी, आणि नऊ वर्षं चाललेली वस्तू. उद्या नव्या भाडेकरूला नवा गीझर मिळणार आणि त्याचे पैसे जुना भाडेकरू देणार, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला आजही कळलेलं नाही. शून्य.

सोसायटीचे ३,००० तर सरळ चुकीचे, कारण सामान हलवताना सोसायटी ऑफिसने १,५०० दादाकडूनच घेतले होते आणि पावती दादाच्या नावाची होती. लाइट बिलाचं असं झालं की काकांनी जे महावितरणचं बिल लावलं ते एप्रिलमधल्या दिवसांसकटचं होतं, पण दादाने ३१ मार्चला मीटरचा फोटो काढलेला, त्या रीडिंगप्रमाणे १,६१० निघाले, मान्य. डीप क्लिनिंगमध्ये टाइल्सवरचे पाण्याचे डाग आम्ही धरले नाहीत, पण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि ग्रिल खरोखर तेलकट राहिले होते, वहिनीनेच कबूल केलं, त्याचे २,००० मान्य. किरकोळमध्ये दोन ट्यूब आणि एका नळाची मूठ एवढंच आम्हाला आठवत होतं, ७०० मान्य, बाकीची यादी द्या म्हटलं. ती यादी शेवटपर्यंत आली नाही.

सगळं मिळून आम्ही मान्य केले ७,८१०. म्हणजे परत यायला हवे होते ७२,१९०, आलेले १५,४६०, बाकी ५६,७३०. हा आकडा घेऊन २२ एप्रिलला दोन पानी पत्र गेलं, रजिस्टर्ड एडीने (पोचपावती मिळणाऱ्या पोस्टाने) आणि ईमेलने. रागाचा एक शब्द नाही त्यात. प्रत्येक कपातीखाली दोन-तीन ओळी आणि शेवटी १५ दिवसांत रक्कम जमा करावी.

काकांचा फोन आला, आवाज चढलेला. "अहो, पोरासारखं समजून घर दिलं तुम्हाला, आणि तुम्ही मला रजिस्टर पत्र पाठवताय?" दादा म्हणाला, "काका, तुम्ही एस्टिमेट पाठवलंत, मी हिशोब पाठवला. यातलं चुकीचं काय आहे ते सांगा, मी दुरुस्त करतो." त्यावर ते म्हणाले १०,००० टाकतो आणि विषय संपवू. दादा डगमगला होता हं त्या दिवशी. वहिनी नाही डगमगली.

मे असाच गेला. जूनमध्ये वकिलांकडे गेलो, शिवाजीनगरला, नोटिशीचे २,५०० घेतले. त्यांनी कागद बघितले आणि तिसरं अ‍ॅग्रीमेंट हातात घेऊन विचारलं, "हे रजिस्टर नाही?" नव्हतं. पहिली दोन ऑनलाइन रजिस्टर झालेली होती, तिसऱ्या वेळी एजंट म्हणाला कशाला खर्च, नोटरी करून टाकू, काका हो म्हणाले, दादानेही सही केली. किती वाचले त्यात? मी काढलं : अकरा महिन्यांचं भाडं २,४२,५५० अधिक डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के म्हणजे साधारण ६२५ रुपये स्टॅम्प ड्युटी, आणि महापालिका हद्दीत १,००० नोंदणी फी. एवढ्यासाठी. आणि गंमत म्हणजे काका ज्या ओळीवर सगळा जोर देत होते, "पेंटिंग चार्जेस लागू होतील त्याप्रमाणे", ती ओळ फक्त याच नोटरीच्या कागदात होती, आधीच्या दोन्हींत नव्हती.

आता भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ असं आहे की लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर असायलाच हवं, ते रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची, आणि नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, वेगळं काही असेल तर ते घरमालकाने सिद्ध करायचं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दादा म्हणाला काकांना जेलमध्ये वगैरे घालायचं नाहीये मला. वकील म्हणाले घालत नाही कुणी, पण नोटिशीत कलम लिहावं लागेल. आणि समजा ती ओळ धरली तरी करार कायदा १८७२ चं कलम ७४ आहेच, करारात काहीही आकडा किंवा दंड लिहिला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, मनाला येईल ती नाही. म्हणजे दोन्हीकडून प्रश्न एकच राहतो : नुकसान खरं किती झालं?

दादाने ग्राहक मंचाचं पण विचारलं. वकिलांचं मत पडलं की साधं घर भाड्याने घेणं तिथे सेवा म्हणून धरलं जाणं अवघड, त्यात वेळ घालवू नका. आणि दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा नवा कायदा आलाय हे जे सगळीकडे फिरतं, तो २०२१ चा मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट म्हणजे केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्याने त्यावरून स्वतःचा कायदा केला तरच लागू. तो धरून भांडायला जाऊ नका, समोरचा वकील एका मिनिटात उडवेल.

नोटीस गेली, काकांच्या बाजूने २०,००० ची ऑफर आली, दादाने नाही म्हटलं. वसुलीचा दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते त्यामुळे घाई नव्हती, पण दावा म्हणजे तारखा, आणि ५६ हजारांसाठी किती तारखा करणार. मग जुलैमध्ये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज केला. हे फार कमी लोकांना माहीत असतं : कोर्टात केस नसतानाही तिथे अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही, समोरच्याला बोलावणं जातं, तडजोड झाली तर लोक अदालतीत निवाडा होतो आणि त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते, त्यावर अपीलही नाही. अडचण एवढीच की समोरचा आलाच नाही तर त्याला जबरदस्ती करता येत नाही, मग दावाच लावावा लागतो.

काका आले. मला वाटलं नव्हतं येतील. पहिल्या वेळी ऑगस्टमध्ये, सोबत त्यांचा मुलगा. काका बोलत राहिले की घर मी किती जपलं होतं, रंग कुठला दिला होता, आणि ते खरंच होतं, ते घर त्यांनी नोकरीतल्या पैशातून उभं केलं होतं आणि भिंतीवरचे खडू बघून त्यांना वाईट वाटलं असणार हे मला तिथे बसून समजलं. मुलगा मात्र आमचा तक्ता वाचत होता. ग्रॅनाइटचा व्हिडिओ त्याने दोनदा बघितला. मग सोसायटीची पावती. मग त्याने मॅडमना, म्हणजे मीडिएटरना, विचारलं की यांनी हे ७,८१० स्वतःहून कबूल केलेत का? माझ्या मते प्रकरण तिथे सुटलं. आम्ही सगळंच नाकारलं असतं तर त्यालाही बापाची बाजू घेऊन सगळंच मागावं लागलं असतं. ज्यांनी खडूची भिंत लपवली नाही ते ग्रॅनाइटबद्दल खोटं का बोलतील, असं काहीतरी त्याच्या डोक्यात झालं असावं. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं तसं.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या बैठकीत ५०,००० वर ठरलं. लोक अदालतीत निवाडा झाला आणि दोन हप्ते नाहीत, एकच चेक, आठ दिवसांत वटला. ६,७३० सोडले. वहिनीला सोडायचे नव्हते, पण काकांनी पेंटिंग खरंच पूर्ण करून घेतलं होतं आणि किरकोळ दुरुस्तीतलं काही आम्हाला माहीत नसलेलं असू शकतं, एवढं धरून मीच सोडा म्हटलं. नोटिशीचे २,५००, पोस्ट, दादाच्या तीन अर्ध्या सुट्ट्या, हे वेगळं. म्हणजे ८० मधून शेवटी ६५,४६० परत आले, आधीचे धरून.

दादा आता वारज्याला राहतो. तिथलं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी आम्ही तीन ओळी घालून घेतल्या, नव्या मालकीणबाईंनी एकाही शब्दाला हरकत घेतली नाही. एक, घराला शेवटचा रंग कधी दिला तो महिना आणि वर्ष. दोन, ताबा परत देताना दोघांनी मिळून घर बघायचं आणि कपात फक्त झालेल्या खर्चाच्या बिलावर, एस्टिमेटवर नाही. तीन, राहायला आल्याच्या दिवशी पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ दोघांनाही मान्य. आणि चावीचं पण ठरलंय, त्या बाई कोथरूडलाच राहतात, सोडताना दोघांनी समोरासमोर बसायचं.